सभासद क्रमांक सतरा आणि अठरा

नोवी साद, सर्बिया
४ ऑगस्ट २०२४

जयाताई,

पाया पडतो. फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या श्रोता संघाचा नियम आठवते ना तुले? महत्त्वाचं असन ते कागदावर. म्हणून लिहून, त्याचा फोटो काढून पाठवून राह्यलो. तूही तसंच करजो.

आता बस एका जागी अन् वाच.

मले इथं येऊन सात महिने झाले. कारखान्यात वेल्डिंग, मंग होस्टेल, मंग झोप. होस्टेलच्या कोपऱ्यावर एक बेकरी हाय. मिलेना नावाची बाई चालवते. एकसष्ट वर्षांची, आवाज घोगरा, हसली की काचेच्या बरण्या वाजतात. काल दुकानात कोनी नव्हतं म्हणून भिंतीवरचा फोटो पहिल्यांदा नीट पाह्यला. चार जणं, दोन गिटारी, अन् खाली नाव: लिमेनी किशोब्रान. मी तिथंच ओरडलो. हातातली पावाची पिशवी खाली.

आठवलं का? म्हणजे टिनाची छत्री! १९९५ साल, तू अकरावीत, मी तुमच्या घरी आत्याकडे शिकाले राह्यलेला नववीतला, तुह्या बाबाचा तो मोठा रेडिओ, अन् शॉर्टवेव्हवर बेलग्रेड.

मी म्हटलं, "आय नो युवर बँड. आय ॲम फ्रॉम धाड. बुलढाणा." ती तशीच आत गेली अन् काचेत मढवलेलं एक पत्र घेऊन आली. ताई, तुह्या अक्षरातलं इंग्रजी पत्र वं! निळी शाई. वर 'लहरी श्रोता संघ, धाड, जिल्हा बुलढाणा'. खाली एकतीस नावं. अध्यक्ष म्हणून तुही सही, सचिव म्हणून माही.

मिलेना त्या बँडची गायिका. तिनं सांगतलं, पहिली रेकॉर्ड ८८ साली निघाली, ते गाजली. दुसरी ९१ मध्ये, ते कोनी विचारली नाई. मंग तिकडं लढाया, टंचाई. चार वर्षं स्टुडिओचं तोंड पाह्यलं नाई. शेवटी बँड मोडाचं ठरलं. त्यासाठी जमले, अन् त्याच दिवशी रेडिओवाल्यायनं आपलं पत्र हाती दिलं. भारतातल्या एका खेड्यात एकतीस माणसं अंगणात बसून आपलं गाणं ऐकतात! झालं. बँड मोडला नाई. ९६ मध्ये तिसरी कॅसेट निघाली.

आता एक लहान कंपनी त्या तिन्ही पुन्हा काढून राह्यली, मोठ्या काळ्या तबकड्यांवर. तिसरीच्या मागच्या बाजूले आपलं पत्र छापतात, अन् सोबत एकतीस जणांचा आजचा फोटो. पंधरा सप्टेंबरले छपाई. "सगळे कसे आहेत?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "ऑल फाइन."

तर आता फोटोचं पाह्य.

तुहा सचिव,
शेखर


धाड
८ ऑगस्ट २०२४

प्रिय शेखर,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा ओरडले. शेडनेटमध्ये बियाण्यासाठी मिरचीच्या फुलांचं क्रॉसिंग चालू होतं, तिथून तुझे भाऊजी धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला. दुसऱ्यांदा आईला वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना 'एकतीस' या शब्दावर थांबले आणि हसू गेलं.

माझ्या जुन्या वह्या अजून आहेत, तुला माहीत आहे. १९ नोव्हेंबर १९९५ ची नोंद जशीच्या तशी उतरवते: "साडेसातला बेलग्रेड लागलं. एका बँडचं गाणं, अंदाजे दोन मिनिटं, मग खरखर. बाईचा आवाज छान. मी आणि शेखर होतो. पत्र लिहिलं. नावं एकतीस घातली."

दोन मिनिटं आणि दोन माणसं. आणि पत्रात मी काय लिहिलं होतं तेही वहीत आहे. "आमचे सर्व एकतीस सभासद अंगणात शांत बसून ऐकत होते. स्पष्टता पाचपैकी पाच."

आता यादी आठव. क्रमांक चार आई, ती तेव्हा चुलीपुढे भाकरी टाकत होती. क्रमांक नऊ किसनराव, म्हणजे माझे आजोबा, त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. बारा म्हणजे शंकररावकाकांची डिंपल, वय दोन महिने. बावीस नागसेन, त्याला आजतागायत पत्ता नाही. शेवटची चार नावं तर मी मनानेच बनवली. आणि सतरा, अठरा: राजा किसनराव व सर्जा किसनराव. आपले बैल, शेखर. कल्पना तुझी होती, पण त्यांच्यापुढे वडील म्हणून आजोबांचं नाव मी लावलं.

आपण असं का केलं, ते मला कळतं. आकाशवाणीच्या फर्माइशीला नावं जितकी जास्त, तितकं पत्र वाचलं जाण्याची शक्यता जास्त, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. निवेदकालाही ठाऊक असावं. गावोगावचे श्रोता संघ पाळण्यातल्या पोरांची नावं घालत होते, कुणी रागावत नव्हतं. आपण तीच रीत उचलून बेलग्रेडला पाठवली. तिथे ही रीत नाही. त्यांनी प्रत्येक नावामागे एक माणूस पाहिला.

मी वर्गात मुलांना सांगते की दुसऱ्याची उत्तरं उतरवू नका. माझं खोटं आता पक्क्या छपाईत जाणार आहे. तू रोज तिच्या दुकानात जातोस. छपाईआधी तिला खरं सांग.

तुझी,
जयाताई


नोवी साद
१५ ऑगस्ट २०२४

जयाताई,

काऊन वं? काऊन सांगाचं? तू एका वहीसाठी इतक्या दूरच्या बाईचं मन मोडतं का? फर्माइशीत नावं वाढवणं खोटं नाई, रीत हाय. लग्नपत्रिकेत नाई का आपण 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून झोळीतल्या लेकराचं नाव छापत? ते लेकरू बोलते का तसं?

अन् तुले अजून पुरतं माहीत नाई. काल तिनं मले तिसऱ्या कॅसेटचं शेवटचं गाणं ऐकवलं. त्याचं नावच 'एकतीस' हाय. गाण्याच्या शेवटी ती आपली एकतीस नावं गाते. सगळी. तिच्या तोंडात ती अशी वळतात की मले माहंच नाव दुसऱ्यांदा ऐकल्यावर समजलं. अन् सतरा-अठरा आले की बाकीचे तिघं मागून सूर धरतात. राजा, सर्जा, राजा, सर्जा, असं बारा वेळा. मी मोजलं. तिचं म्हणणं, यादीत तेवढीच दोन नावं जुळत होती, म्हणून त्यायचं धृपद केलं. कोन्या जुळ्या भावाची असतील असं वाटलं त्यायले.

आपले बैल सर्बियात हिट हाय, ताई!

अन् हे तू मले तिले सांग म्हणतं? मिलेना, तुह्या गाण्याचं धृपद दावणीले बांधलं होतं, असं?

गाणं सोबत पाठवलं हाय. ऐक अन् मंग बोल.

शेखर


धाड
२२ ऑगस्ट २०२४

प्रिय शेखर,

ऐकलं. काय झालं ते सांगते, आणि त्यातलं काही लपवत नाही.

ओसरीवर मी, तुझे भाऊजी आणि आई. आईला ऐकू कमी येतं म्हणून नागसेनकडून त्याचा लहान स्पीकर आणला. त्याची आता साउंड सर्व्हिस आहे, लग्नं, सप्ताह, सगळं करतो. तो पैसे नको म्हणाला, फक्त "मी बी ऐकतो" म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला.

नावं सुरू झाली. 'नागसेन' आलं तसा तो उठून उभाच राहिला. "मह्यं नाव? ही बाई मले कशी ओळखते?" मी त्याला सांगितलं. एकोणतीस वर्षं उशिरा सांगितलं. तो म्हणाला, "असं का? मंग महा नंबर कितवा?" बावीस म्हटल्यावर जरा नाराज झाला. त्याला वरचा हवा होता.

आजोबांचं नाव आलं तेव्हा आईने पदर सावरला, सासरे समोर आल्यासारखा. आणि मग राजा-सर्जा सुरू झालं. आई ऐकत राहिली, ऐकत राहिली, आणि मला म्हणाली, "जया, ही बाई आपल्या बैलायले हाका मारून राह्यली. काऊन वं, कुठं हरवले होते का ते?" मग मला हसू आवरेना, आणि तिलाही. सर्जा हाकेला कधी नीट वळायचा नाही, उलटाच जायचा, हे तिला आठवलं. मग तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं. चार वेळा.

आता खरं सांगू? पहिल्या वेळी मला वाटलं, शेखर म्हणतो तेच बरोबर. इतकं सुंदर काही माझ्या खोट्यातून झालं असेल तर मी कोण ते खोदणारी? मी खरं सांगायला निघाले आहे ते मिलेनाच्या भल्यासाठी, की मला माझी वही स्वच्छ हवी म्हणून? दोन दिवस हा प्रश्न घेऊन शाळेत गेले. थोडं वहीसाठीही असेल. पण एवढं नक्की की ती फोटो मागते आहे. तिला ही माणसं बघायची आहेत. ती मला कुठून आणता येणार? चौघं मी बनवली, सातजण वारले. फोटोत उभं करायला शेजारपाजारचे लोक आणले, तर ते खोटं माझ्या सोळाव्या वर्षाचं नसेल, पंचेचाळिसाव्या वर्षाचं असेल.

म्हणून मिलेनाला इंग्रजीत एक पानभर पत्र लिहिलं आहे. सोबत जोडते. छापून घे आणि तिच्या हातात दे.

जयाताई


नोवी साद
२७ ऑगस्ट २०२४

ताई,

पत्र छापलं. खिशात हाय. पाच दिवस खिशातच हाय. (नाई, तीन. तू तारखा मोजशीन.)

आता मीही खरं लिहितो. आतापावेतो मी तुह्याशी मजाक करत होतो, कारण मले भेव वाटून राह्यलं.

कारखान्यात मी चौदा नंबर हाय. बिल्ल्यावर चौदा, हेल्मेटवर चौदा. मुकादम नावानं हाक मारत नाई, त्याले येतच नाई आपली नावं. चार ऑगस्टपासून मात्र मी मिलेनाच्या दुकानात पाय ठेवला की ती गिऱ्हाइकायले सांगते, "हा धाडचा शेखर. एकतीसपैकी क्रमांक दोन." लोक हात मिळवतात. एका म्हाताऱ्यानं तर पावावर माही सही मागतली. पावावर, ताई! आत भट्टीपाशी माह्यासाठी एक स्टूल ठेवलं हाय तिनं.

हे पत्र तिले दिलं का मी पुन्हा चौदा नंबर. एवढंच हाय.

तू दुसऱ्या मार्गानं पाठवशीन तर पाठव. पत्त्यासाठी मले विचारू नको.

शेखर


धाड
३ सप्टेंबर २०२४

प्रिय शेखर,

दुसऱ्या मार्गाने पाठवणार नाही. १९९५ च्या पत्रावर सह्या दोघांच्या होत्या. अध्यक्षाने सचिवाच्या पाठीमागून काही करू नये. स्टुलाचं वाचून मला माझीच लाज वाटली. तू तिकडे कसा राहतोस, हे मी आठ महिन्यांत एकदाही नीट विचारलं नव्हतं. जेवलास का, थंडी आहे का, एवढंच. पत्र द्यायचं की नाही ते आता तू ठरव. दिलं नाहीस तरी मी तुझ्यावर रुसणार नाही. फोटो मात्र खोटा काढणार नाही.

काल पोळा होता. आपल्याकडे आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. पण नागसेनच्या चुलत्याची जोडी आहे. आई म्हणाली, "त्या बाईनं आपल्या बैलायचं नाव एवढं काढलं, तर ते गाणं पोळ्याले वाजलं पाहिजे." तोरणाखाली झडत्यांची गाणी म्हणून झाली, बैल घरोघर फिरले, आणि मग आपल्या अंगणात नागसेनने मोठे स्पीकर लावले. मी सगळ्यांना आधी सांगून टाकलं की तुमची नावं मी न विचारता घातली होती. ज्याचं नाव येईल त्याने हात वर करायचा, शाळेतल्या हजेरीसारखा.

कुणी रागावलं नाही. यादीतल्या मनकर्णाबाई एवढंच म्हणाल्या, "घातलं तर घातलं, पण एवढ्या वर्षांत एक कप च्या नाई पाजला त्या संघानं."

डिंपल शेगावहून आली होती, बारा नंबरला तिने दोन्ही हात वर केले. वारलेल्यांच्या नावाला त्यांच्या घरातल्या कुणीतरी हात वर केला. हे मी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. आजोबांसाठी आईने केला. राजा-सर्जाला बैलांनी मान हलवली आणि घुंगरमाळा वाजल्या. माश्यांमुळे हलवली असेल, मी उगाच काही म्हणत नाही. सगळं अंगण राजा, सर्जा म्हणत होतं. शेवटच्या चार नावांना मात्र कुणाचाच हात वर गेला नाही. ती मी बनवलेली नावं. गाणं तेवढ्यापुरतं एकटंच चालत राहिलं. मला ते बरोबर वाटलं.

दोन नंबरला तुझं नाव आलं तेव्हाही हात नव्हता. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. तेव्हा आईने तुझ्यासाठी हात वर केला आणि म्हणाली, "तो तिकडं हाय. पण तो होता, मी भाकरी टाकत होती अन् तो त्या डब्ब्याले कान लावून बसला होता. त्याचं खरं हाय."

डिंपलने फोटो काढला आहे. त्यात हात वर केले तेवढीच माणसं आहेत: वीस, आणि दोन बैल. पाठवते.

जयाताई


नोवी साद
९ सप्टेंबर २०२४

जयाताई,

दिलं.

आत्याचं वाचलं अन् तसाच गेलो. दुकान बंद व्हाच्या वक्ताले. पत्र दिलं, फोटो दिला, अन् मी स्टुलावर बसलो नाई, दरवाजापाशी उभा राह्यलो.

ती वाचत गेली. सतराव्या क्रमांकापाशी थांबली. डोक्यावर दोन बोटं उभी धरून मले विचारलं, "असे?" मी मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं, "दोघंही?" मी म्हटलं, दोघंही.

मंग ती हसली. ताई, बरण्या नाई, मले वाटलं शटर पडते. हसता हसता पिठाच्या पोत्यावर बसली. मंग तिनं त्यायच्या ड्रमवाल्याले फोन लावला अन् फोनवर बैलासारखी हंबरली.

पण मंग तिनं फोन ठेवला. म्हणे, आता माहं ऐक. ९५ मध्ये आम्ही कंपनीच्या साहेबाकडे तुमचं पत्र घेऊन गेलो. त्याले सर्बियन सोडून काही वाचता येत नव्हतं. त्यानं विचारलं, किती लोक हाय हे? ड्रमवाला म्हणे, एकतीस हजार. आम्ही बाकीचे तिघं जमिनीकडे पाहत राह्यलो. त्या एकतीस हजारावर स्टुडिओ भेटला. तो साहेब मेला, त्याले आम्ही कधीच सांगतलं नाई. तुमच्या एकतिसांचं तोंड पाहाचं होतं, ते म्हणूनच. निदान तेवढे तरी खरे हाय, असं मले वाटत होतं.

मी म्हटलं, सॉरी. ती म्हणे, "दोन माणसं दोन मिनिटं. आमच्या गल्लीत तेव्हा तेवढेही नव्हते." मंग तुह्या पत्रावर बोट ठेवून तिनं विचारलं, "स्पष्टता खरी किती होती?" मी म्हटलं, दोन. फार तर अडीच. ते ऐकून तिले जास्त वाईट वाटलं, बैलापेक्षा.

फोटो आहे तसाच छापतात. पत्रही छापतात. अन् खाली बारीक अक्षरात तळटीप, ते तिनं माह्यासमोर लिहिली: "क्र. नऊ हे गाणं प्रसारित होण्याआधी वारले होते. क्र. बाराला तेव्हा दात नव्हते. शेवटचे चौघे अद्याप जन्मले नाहीत. क्र. सतरा व अठरा बैल होते. आमच्या बाजूने: आम्ही हा आकडा हजारपट करून सांगितला, त्याबद्दल क्षमस्व."

मी निघालो तर तिनं हाक मारली. नावानं नाई, नंबरानंही नाई. "सेक्रेटरी!" म्हणे. "स्टूल काऊन रिकामं?"

शेखर

ता. क. तिनं सभासदत्वाचा अर्ज दिला हाय. बत्तीसवा नंबर पाहिजे म्हणते. सोबत जोडला, मंजूर कर.


धाड
१४ डिसेंबर २०२४

प्रिय शेखर,

तबकडी काल पोचली. धाडमध्ये ती वाजवायचं यंत्र कुणाकडे नाही. नागसेन म्हणतो, जालन्यात एकाकडे आहे, आणून दाखवतो. तोवर आईने ती देवळीत ठेवली आहे, मागची बाजू पुढे करून. येणाऱ्याजाणाऱ्याला तळटीप वाचून दाखवावी लागते. आजोबांचा उल्लेख आला की ती म्हणते, "वारले होते, पण कान लई तिखट होते त्यायचे." क्रमांक बावीस स्वतः येऊन रोज आपलं नाव बघून जातो.

मी १९९५ ची वही पुन्हा उघडली. १९ नोव्हेंबरच्या नोंदीखाली थोडी जागा शिल्लक होती. तिथे दुरुस्ती लिहिली: "ऐकणारे दोन. स्पष्टता दोन." तू म्हणतोस ती अर्धी जास्तीची मी दिली नाही.

मिलेनाबाईंचा अर्ज मिळाला. अध्यक्ष म्हणून विचार केला. तुला वाटेल मी लगेच सही करेन, पण एक अडचण आहे, ती त्यांना नीट समजावून सांग. सभासद म्हणजे जो आमच्या अंगणात बसून ऐकतो तो, असं आपल्या पत्रात लिहिलं होतं. आता ते पाळायचं आहे. तुझी रजा पुढच्या पोळ्याला धरून घे आणि त्यांना सोबत आण. मुंबईहून रेल्वेने जालन्याला उतरा, पुढे तुझे भाऊजी घ्यायला येतील. आईने बसायला सतरंजी काढून ठेवली आहे, मनकर्णाबाईंसाठी चहाही ठरला आहे.

बत्तीस नंबर त्यांच्यासाठी कोरा ठेवला आहे. या वेळी मी माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाव लिहिणार नाही.

तुझी अध्यक्ष,
जयाताई